एकटी साळुंकी

आये,

आज सकाळी आमच्या शारजातल्या गॅलरीच्या कठड्यावर एकच साळुंकी येऊन बसली आणि मला तुझाच आवाज ऐकू आला. एक दिसली की दिवस वाईट, दोन दिसल्या की गोड बातमी, हे तुझं पक्कं. बाबा पिशवी घेऊन निघालेत, विहिरीच्या रहाटावर एकटी साळुंकी आहे, आणि तू चुलीपुढून उठून दार अडवतेस, "अहो थांबा, जोडीदारीण येऊ दे तिची." बाबा ओरडतात, "तुझ्या पाखरांचं लग्न जुळेपर्यंत माझी एसटी जाईल!" एसटी जायचीच. मग तू त्यांना तव्यावरची भाकरी वाढायचीस आणि बाबा बोटं चाटत म्हणायचे, "उद्यापण एकटीच येऊ दे गो."

आज मात्र थांबायची सोय नव्हती. सुनेची गाडी चालवायची परीक्षा होती, पाचव्यांदा. ऑफिसने तिला साइटवर फिरायचं काम देऊ केलंय. या खेपेला लायसन मिळालं नाही तर ते दुसऱ्या कुणाला जाणार. आणि ही चहाचा कप धरून कठड्याकडे बघत उभी. तुझ्या साळुंक्यांच्या गोष्टी मीच तिला रंगवून सांगितलेल्या, दुसरं कोण सांगणार? "आई, एकच आहे हो. मी नाही जात आज." खाली गाडीत बसलेल्या मुलाचा फोन, "यल्ला, लवकर उतर, ट्रॅफिक लागलं की खलास!" मी तुझ्यासारखे कठड्यावर तांदूळ टाकले, जिभेने टक् टक् केलं. दुसरी काही येईना. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, तिलाही तू एकटीच दिसतेयस. तीपण घाबरली असेल. थांब, मी चपला घालते, आपण जोडीनं जाऊ." सुनेला हसू फुटलं. "तुम्ही तिथे येऊन काय करणार?" "बसेन. साळुंकी तरी दुसरं काय करते?"

तिथल्या हॉलमध्ये एसी असा, की मी पदर कानावरून घेऊन बसले होते. ती परत आली तेव्हा तोंडावरूनच कळलं. पास! सगळ्यांदेखत मला मिठी मारून म्हणाली, "आई, तुमची साळुंकी खोटी पडली." मी म्हटलं, "पडायचीच. मी कुठे मानते असलं काही?" संध्याकाळी शिरा केला, तूप जरा सैल हाताने घातलं, आणि आता सगळे हॉलमध्ये बसून ती कुठली गाडी घेणार यावर भांडतायत. मी आत येऊन हे लिहितेय. तुला कुठल्या पत्त्यावर टाकू, माझ्या साड्यांतच राहील. पण तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? ती परीक्षेच्या गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत मी काचेला नाक लावून बाहेरच्या खजुरींवर दुसरी साळुंकी शोधत होते. एकही दिसली नाही, आणि त्या वेळी मला तुझा भारी राग आला, आये.