गुडघा अर्पिताचा

पुणे, ३ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास दीपमालाचा शि. सा. नमस्कार.

मागच्या पत्रातली चूक आधी दुरुस्त करते. गुडघा माझा दुखावलेला नाही, अर्पिताचा आहे. फोन घरात सगळे ऐकतात, म्हणून लिहिते.

अर्पिता माझ्याच खोलीत राहते. सामन्याआधी तिने सरांना सांगितलं, गुडघ्यात कळ येते. आमच्या फुटबॉल क्लबात डॉक्टर मुलांच्या संघाला आहे, मुलींना नाही. सरांनी मलाच विचारलं, खरं का. आदल्या संध्याकाळी तिला शेकायला पाणी मीच गरम करून दिलं होतं. तरी मी म्हणाले, मला काही दिसलं नाही. मुली कुरकुऱ्या असतात, असं सर म्हणतात. त्यात माझं नाव नको होतं. तिला खेळवलं आणि गुडघा गेला. आता क्लब म्हणतो, दुखणं तिनेच लपवलं, उपचार तिचे तिने करावेत. साक्षीला माझंच नाव सांगतात.

लाजेने मैदानावर जाववेना, म्हणून तुला माझा गुडघा लिहिला. तू त्यासाठी रेणुकाईला मंगळवारचे उपास बोललीस, अनवाणी जातेस, हे दादाकडून कळलं. उपास सोड.

तुझ्या मायेला न शोभलेली,
दीपमाला

पिंपळगाव रेणुकाई, ११ नोव्हेंबर

चि. दीपमालास आत्याचे आशीर्वाद.

तुझे आतोबा म्हणाले, तू इथं काटे तुडवून राह्यली अन् गुडघा तिकडं ठणठणीत. मला हसू आलं न्हाई.

उपास सोडणार न्हाई. आज देवळात नाव बदलून सांगितलं, दीपमालाचा न्हाई, अर्पिताचा गुडघा. नवस चारचौघींत बोलले होते, मंग बदलायचाबी चारचौघींतच. लई लाज वाटली. अंगणात चेंडू हाताला लागला की आपण होऊन सांगायचं, हे तुला मीच शिकवलं ना? नुसतं लाजून त्या पोरीला पायरी चढता येईल का? माझं मी सांगितलं. तुझं तू सांग.

जेवत जा.
बेबीनंदा आत्या

पुणे, १५ नोव्हेंबर

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

अर्पिताला काल सगळं सांगितलं. तिने पाय उशीवर ठेवला. मग म्हणाली, पाणी गरम कर.

सरांसमोर एकटी गेले तर पुन्हा खोटंच बोलेन. म्हणून क्लबच्या बैठकीत सांगणार, चारचौघांत. संघातून नाव जाईल; दादाला तू समजाव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी दीपमाला

ता. क. तू देवळात असशील तेव्हाच बैठक आहे. मंगळवार, १८ नोव्हेंबर.