अन्वरला देऊन टाकल्यावर

बर दुबई, शुक्रवार, जानेवारी १९६५

गोल होत नाहीत म्हणून कॅप्टन दाऊदभाईंनी आमच्या अन्वरला खाडीपलीकडच्या टीमला देऊन त्यांचा फॉरवर्ड घेतला. मला विचारलंसुद्धा नाही! रत्नागिरीला भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत मी आणि अन्वर झावळीच्या दांड्यांनी हॉकी शिकलो. अंधार पडला तरी खेळायचो, म्हणून न बघता पास द्यायची सवय.

आज त्याच टीमशी मॅच. गोलजवळ मी न बघता चेंडू डावीकडे ढकलला. तिथे अन्वर, त्यांच्या जर्सीत. त्यानेही न बघता मला परत दिला. गोल! त्याची टीम शिव्या घालतेय आणि हा वेडा हसतोय.

"बघ, अदलाबदल फळली की नाही?" दाऊदभाई म्हणाले.

काय सांगणार त्यांना? तो गोल भाट्याचा होता.