कुरणात पडलेली कवळी

प्रिय ताईस,

धाकट्याचा प्रेमाचा सलाम. तुझं पत्र मिळालं. भाऊजींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देतो हे वाचून फार बरं वाटलं. (उतरताना तो काय करतो ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे काहीतरी करत असणार. मलम संपलं असेल तर कळव.) आमच्याकडे देवाच्या दयेने सगळं ठीक. हिचा खोकला गेला, माझं पोट आहे तिथेच आहे. तू विचारलंस की चर्चच्या मंडळीतल्या लोकांबरोबर रानात चालायला जाणं अजून चालू आहे, की माझ्या बाकीच्या संकल्पांसारखं तिसऱ्या आठवड्यात बारगळलं. चालू आहे. सात महिने झाले. आणि गेल्या शनिवारी जे घडलं ते मीच तुला लिहितो, कारण आपली मामेबहीण त्या दिवशी आली होती, आणि गोष्ट सांगताना ती खऱ्याला फारशी तसदी देत नाही.

आधी ही चालण्याची तऱ्हा सांगतो. कल्पना आमच्या तरुण पाळकसाहेबांची. त्यांचं म्हणणं, आपण वीस वीस वर्षं उपासनेला एकाच बाकावर बसतो आणि पुढच्याची फक्त मान ओळखतो. म्हणून एक शनिवार सोडून एक, सकाळी आठ वाजता चर्चच्या फाटकाशी जमायचं, चिठ्ठ्या काढून जोड्या लावायच्या आणि दहा किलोमीटर शेताशेतांतून चालायचं. जो वाट्याला येईल त्याच्याशी बोलायचं, आणि विसाव्याच्या जागी प्रार्थनेत त्याच्याबद्दल एका गोष्टीचे आभार मानायचे. मला हा सगळा पोरखेळ वाटला होता. मग पहिल्याच वेळी माझ्या वाट्याला ट्रक ड्रायव्हर आला. त्याची बायको गेल्या वर्षी वारली. गडी दोन तास माझ्याशी फक्त ब्रेकबद्दल बोलला. दुसरं काही सुचेना म्हणून मी त्याच्या ब्रेकबद्दल देवाचे आभार मानले, आणि तो टोपीत तोंड घालून रडला. त्यानंतर मी पोरखेळ हा शब्द वापरलेला नाही.

तर गेल्या शनिवारी माझ्या चिठ्ठीत आल्या मुख्याध्यापिकाबाई. चाळीस वर्षं शाळा चालवून त्या निवृत्त झाल्या, पण त्यांच्यातून शाळा निवृत्त झालेली नाही. निम्मी मंडळी त्यांच्या हाताखालून गेली आहे. खुद्द पाळकसाहेब उपदेशाला उभे राहण्याआधी कॉलर सरळ करून घ्यायला त्यांच्यापुढे मान वाकवतात. उपासनेत गीताला सुरुवात बाईच करतात, आणि त्यांचा वरचा सूर लागला की खिडकीच्या काचा अदबीने थरथरतात.

आता एक गोष्ट लिहितो, ती वाचून हे पत्र फाडून टाक. (तू सख्खी बहीण. तुला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे, असं मी रात्रभर स्वतःला पटवलं आहे.) बाईंच्या तोंडातला एकही दात त्यांचा नाही. नऊ वर्षांपूर्वी वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या मी केल्या. दुपारी वर्कशॉप बंद असताना त्या मागच्या दाराने यायच्या, डोक्याला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि प्लास्टरच्या साच्यांच्या रांगेपुढे अशा बसायच्या, जणू ते सगळे जबडे वर्गात दंगा करताना पकडले गेले आहेत. हे मी कुणालाही कळू दिलं नव्हतं, हिलासुद्धा नाही. आमच्या धंद्यात हेच खरं कौशल्य. मंडळी गायला लागली की कुठल्या बाकावरची शीळ माझ्या हातच्या कवळीतून येते ते मला बसल्या जागी कळतं, पण मी गीताच्या पुस्तकात डोकं घालून बसतो. हल्ली बाईंची खालची कवळी सैल झाली होती. (वयाप्रमाणे हिरडी झिजते, कवळी बिचारी आहे तेवढीच राहते.) एकदा येऊन जा, असं मी दोनदा खुणेने सुचवलं, पण मागच्या गल्लीत नवीन शेजारी आल्यापासून त्या टाळत होत्या.

अर्धी वाट आम्ही मजेत चाललो. माझ्या अक्षराबद्दल त्यांनी मला थोडं सुनावलं. मग एक कुंपण आलं, त्यावरून पलीकडे उतरायला लाकडी पायऱ्या होत्या. पाळकसाहेब आणि बाकीची मंडळी उतरून खाली थांबली होती. थकलेल्यांना हुरूप यावा म्हणून त्यांनी खालून बाईंना एक कडवं म्हणायला सांगितलं. बाई सगळ्यात वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या, छातीभर श्वास घेतला आणि सूर लावला. तो सूर मध्येच तुटला. मी एकच पायरी खाली होतो. गुलाबी असं काहीतरी माझ्या कानाजवळून गेलं आणि कुरणातल्या कमरेएवढ्या गवतात पडलं.

बाईंनी तोंड मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने चाळीस वर्षं वर्गच्या वर्ग गप्प केले, पण या वेळी ती नजर काही मागत होती. खालून पाळकसाहेबांनी विचारलं, "बाई, काय झालं?" त्या बोलल्या असत्या तर पहिल्याच शब्दाला सगळं उघड झालं असतं. ताई, मी विचार केला असता तर गप्प बसलो असतो. पण मी म्हणालो, "माझी कवळी पडली." (आणि हे वाक्य अगदी स्वच्छ उच्चारात म्हणालो, ही पहिली चूक.)

अकरा माणसं माझ्याकडे बघत राहिली. गिऱ्हाईक आलं की स्वतःच्या दातांवर नखाने टकटक करून 'हे बत्तीसच्या बत्तीस माझे' असं सांगणारा मी. हीसुद्धा त्या अकरात होती. तिने विचारलं, "तुमची?" मी ओठ आत दुमडून म्हणालो, "हो, माझीच. शगळ्यांनी शावकाश पाय थेवा." हिने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं. नऊ वर्षं जपलेलं गुपित तिला चार सेकंदांत कळलं. तिने पदर खोचला आणि गवतात गुडघ्यांवर बसून शोधायला लागली.

मग सगळेच बसले. पाळकसाहेबांनी कुरणाचे पट्टे पाडले, प्रत्येकाला एकेक पट्टा. चार गाई येऊन बघत उभ्या राहिल्या. कुंपणापलीकडच्या शेतकऱ्याला वाटलं आम्ही प्रार्थना करतोय. भल्या माणसाने टोपी काढली आणि बराच वेळ मान खाली घालून थांबला, शेवटी म्हणाला की तुमचं आटोपलं की त्या गाई मला पलीकडे न्यायच्या आहेत. मी सगळ्यांत पुढे होतो, कारण बोबडं बोलत शोधण्यापेक्षा न बोलता शोधणं सोपं. बाई पायऱ्यांशी ताठ उभ्या होत्या, जणू परीक्षेवर देखरेख करताहेत.

कवळी सापडली ती ड्रायव्हरला, गाईच्या खुराच्या खळग्यात, जशीच्या तशी. त्याने ती धुतलेल्या रुमालाने पुसली आणि एखादा मोलाचा सुटा भाग आणावा तशी तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरली. "घाला," तो म्हणाला. सगळे भोवती गोळा झाले. त्यांच्या तोंडावर असा आनंद होता की माझं काळीज हललं, आणि तरीही ती दुसऱ्याची कवळी होती. मी म्हणालो, आधी धुवायला हवी. ड्रायव्हर पाण्याची बाटली उघडू लागला. तेव्हा ही पुढे आली. "आणा इकडे, ह्यांना स्वतःची कपबशी धुता येत नाही. बाई, जरा ओढ्यापर्यंत सोबत येता का?"

पाच मिनिटांनी दोघी परत आल्या. हिने घडी केलेला रिकामा रुमाल माझ्या हातात दिला. मी एका झाडाकडे तोंड केलं, जबड्याची हवी तेवढी हालचाल केली, वळलो आणि हसलो. टाळ्या पडल्या. ड्रायव्हरने जवळ येऊन निरखून पाहिलं आणि म्हणाला, "छान बसली. अगदी खऱ्यासारखी दिसते."

विसाव्याच्या जागी आभाराची वेळ आली. माझी जोडीदार म्हणून बाई उठल्या आणि त्यांनी डोळे मिटले. मग सावकाश, एकेक शब्द सांभाळत म्हणाल्या, "हे देवा, ह्या माणसाच्या तोंडाबद्दल तुझे आभार. ते वेळेवर उघडलं, आणि नऊ वर्षं बंद राहिलं." कुणालाच काही उमगलं नाही, पण आमेन सगळ्यांनी म्हटलं. हिचं आमेन सर्वांत मोठं. नंतर बाईंनी दोन उकडलेली अंडी शांतपणे खाल्ली. फाटकाशी निरोप घेताना त्यांनी माझी कॉलर सरळ केली.

धंद्याचं म्हणशील, तर सोमवारपासून तिघांनी येऊन विचारलं की आमच्या कवळ्या तुमच्या स्वतःच्या कवळीपेक्षा घट्ट बसतात ना. एका शेजारणीने मऊ शिजवलेला भात पाठवला. हीसुद्धा ताट वाढताना 'चावेल ना?' असं विचारते आणि स्वयंपाकघरात जाऊन हसते. पण खरं सांगू, इतका बरा आठवडा माझा फार दिवसांत गेला नव्हता. भाऊजींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. - पुढच्या महिन्यात तू इथे येणार आहेस, आणि अडुसष्टाव्या वर्षीही अक्रोड दाताने फोडतेस. मंडळीत सगळे तुला भेटायला येतील. आता मी सांगत फिरलोय की आमच्या घराण्यात दात लवकर पडतात. तू खोटं बोल असं मी म्हणत नाही, तू बोलणारही नाहीस. फक्त हसताना तोंडावर हात घेत जा. एवढ्यासाठीच खरं तर हे पत्र लिहिलं.

ता. क. दुसरा - तिकीट नव्हतं म्हणून पत्र राहिलं, आणि मध्ये रविवार आला. उपदेश संपल्यावर बाई उभ्या राहिल्या आणि भरल्या चर्चमध्ये म्हणाल्या, "ती कवळी माझी होती." कुणीही विश्वास ठेवला नाही. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. दुसऱ्याची लाज अशी आपल्या अंगावर घेणारी माणसं असतात, म्हणाले. बाईंनी पुन्हा सांगितलं. तेव्हा ड्रायव्हर उठून हलकेच म्हणाला, "बाई, राहू द्या. मी माझ्या हाताने त्यांना दिलीय." चाळीस वर्षांत ज्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता त्या बाई तोंड उघडून अशा हसल्या की मी श्वास रोखून धरला. पण कवळी जागची हलली नाही. (मंगळवारी दुपारी, पुढच्या दाराने येऊन त्यांनी ती बसवून घेतली होती.) तेव्हा वरची विनंती कायम. भाऊजींनाही सांगून ठेव, त्यांचे दात तर तुझ्यापेक्षा जास्त दिसतात.