तुम्ही सोडलेली गाभण डुकरीण

बाबूजी,

मी धाकटीकडे आले आहे. घर तुमचंच, पण आता सगळे त्याला तिचं घर म्हणतात आणि माझ्याही तोंडात तेच बसलं आहे. ती सकाळीच बांधीवर, धानाच्या खाचरात गेली. धान निसवला आहे, दाण्यात दूध भरतं आहे, आणि तुम्हाला माहीतच आहे, याच दिवसांत रानडुकरांना आपल्या बांध्यांचा वास लागतो. मी घरी एकटी, तुमच्या खाटेवर बसून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला उद्देशून एक ओळ लिहावी असं कधी वाटलं नाही. तुमच्याशी माझं काही बोलायचं राहून गेलं आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. परवा कळलं. परवा आपल्या बांधीजवळ जाळ्यात डुक्कर सापडलं, आणि ते मारायचं की सोडायचं यावरून आम्हा दोघी बहिणींची गावासमोर जुंपली. तुमचं नाव मध्ये आणलं ते मीच.

आधी त्या वर्षाचं बोलते. माय जाऊन वर्ष झालं नव्हतं. माझं लग्न ठरता ठरता राहिलं होतं, कारण घरातलं कोण बघणार. चूल माझ्याकडे आली. मायची कढई, मायचा पाटा, तिच्या हाताने झिजलेलं लाटणं, सगळं मी उचललं आणि कुणी काही म्हणालं नाही. धाकटी मात्र तुमच्यामागे रानात जाऊ लागली. पोरीची जात शिकारीला कशाला, असं गावातल्या बायका म्हणत, आणि तुम्ही म्हणायचे, "तिचे पाय चांगले आहेत." बस, एवढंच. माझे पाय कसे आहेत हे तुम्ही कधी बघितलं का? तुमचे जोडीदार काका, ज्यांची बांधी आपल्या बांधीला लागून, ते तिला जाळं कसं ताणायचं ते शिकवत. तेव्हा जंगल खात्याच्या भीतीने सगळं गुपचूप चालायचं, पण धान वाचवायचा तर दुसरा इलाजही नव्हता. माणसं एका बाजूने हाका करत झुडपं बडवत यायची, दुसऱ्या टोकाला तुम्ही जाळ्यापाशी भाला घेऊन बसलेले, आणि तुमच्या बाजूला ती. संध्याकाळी तुम्ही दोघं परत यायचे तेव्हा कपड्यांना सारखाच वास यायचा, चिखलाचा आणि टेंभुर्णीच्या पाल्याचा. जेवताना तुमचं दोघांचं रानातलं बोलणं अर्ध्या शब्दात चालायचं. मी वाढत असायची.

त्या दिवशी हाक्याची आरोळी घरापर्यंत ऐकू आली. एक पोरगं सांगून गेलं की जाळ्यात मोठं जनावर पडलं. आपल्या घरात मटण शिजायचं ते घरामागच्या सांदवाडीत, वेगळ्या चुलीवर. मी ती चूल पेटवली. कांदे भाजले, खोबरं भाजलं, धने, लसूण, मिरच्या, सगळं पाट्यावर वाटलं. माय गेल्यानंतर पहिल्यांदा घरात एवढा मसाला वाटला होता. खरं सांगते, मला हौस आली होती. माझ्या हातचं सगळे खातील, आणि तुम्ही म्हणाल की मायसारखं झालं. तुम्ही आले ते रिकाम्या हाताने. मी विचारलं, "काय झालं? सापडलं होतं ना?" तुम्ही पाय धुवत म्हणाले, "गाभन होती. सोडून देल्ली." मी म्हटलं, "अन् हा एवढा मसाला?" तेव्हा तुम्ही वळले आणि असं बोलले की शेजारच्या अंगणातल्या बायका गप्प झाल्या. "मसाला वाटून ठेवला म्हनून जीव घ्याचा काय? खायाचीच पडली आहे तुले!" धाकटी तुमच्यामागे उभी होती. खाली बघत होती. मला वाटलं, ती मनातल्या मनात हसते आहे.

पुढे ती गोष्टच झाली, बाबूजी. गाभण डुकरीण सोडणारा माणूस. आपल्या गावात झाली, आणि आमगावला माझं लग्न झाल्यावर मी तिथेही नेली. सासरी दुकानावर बसलेली असताना कुणी शिकारीचं बोललं की मी सांगायची, आमचे बाबूजी जाळ्यात आलेली डुकरीण सोडून देणारे. माझ्या पोरांनी ती इतक्यांदा ऐकली की त्यांना तोंडपाठ आहे. माझ्याकडे तुमचं म्हणून सांगण्यासारखं तेवढंच होतं. तुम्ही मला लग्नात कुकर दिला. धाकटीचं लग्न झालं, ती वर्षाच्या आत परत आली आणि तुम्ही तिला काही विचारलं नाही. बांधी तिच्या नावाने केली आणि भाला तिच्या हातात दिला. बांधीचं मला कधी वाईट वाटलं नाही. कसणाऱ्याकडे जमीन जावी. भाल्याचं वाटलं.

काकांचा पाय अधू झाला तो डुकरीण सोडली त्याच्या पुढच्या हंगामात. सकाळी बांधावरून जाताना धानातून एक डुक्कर उठलं आणि मांडीपासून गुडघ्यापर्यंत फाडून गेलं. गोंदियाच्या दवाखान्यात कितीतरी दिवस होते, पाय राहिला पण वाकडा राहिला. तुम्ही रोज बस पकडून जायचे. त्यानंतर तुम्ही जाळं घराबाहेर काढलंच नाही. घरात कमी बोलू लागले. मी माहेरी आले की तुम्ही "पोरं कशी आहेत?" एवढं विचारायचे आणि उठून बांधीवर जायचे, तिच्याकडे. मी मनाशी म्हणायची, वय झालं. तुम्ही गेले तेव्हाही मी आमगावला होते. पोहोचले तोवर तिने तुमचे डोळे मिटलेले होते.

आता परवाचं. गेल्या दोन-तीन हंगामांत डुकरांनी फार नुकसान केलं, म्हणून गावाने जंगल खात्याकडे अर्ज केला आणि या वर्षी पिकात शिरणारं डुक्कर मारायची परवानगी आली. मी सुट्टीला म्हणून आलेली. सकाळी आरडाओरड झाली, आम्ही धावलो. जाळ्यात मोठा नर. जाळ्याच्या दोऱ्या त्याच्या खांद्यात रुतलेल्या, तोंडाला फेस, आणि तो जमिनीत सुळे खुपसून माती उडवतो आहे. अर्धं गाव जमलं. काका काठी टेकत आले. जंगल खात्याचा माणूस बाजूला उभा. सगळे धाकटीकडे बघत होते, बाबूजी. बांधी तिची, जाळं तिचं, भाला तिच्या हातात. आणि मी, पन्नाशीकडे आलेली बाई, दुकान, घर, शिकलेली पोरं असलेली, माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

मी पुढे झाले. म्हटलं, "सोड त्याले. गाडीत घालून दूर जंगलात नेऊन सोडता येते. बाबूजीनं सोडलं असतं."

माणसं चुळबुळली. तुमच्या नावाला अजून वजन आहे. एक म्हातारा म्हणाला, "हो, त्यायनं गाभन सोडली होती." काका म्हणाले, "मारा बे. जे बोलाचं ते मंग बोला." धाकटी माझ्याकडे वळली. मग भाला काकांच्या हातात देऊन तिने माझा दंड धरला आणि मला मोहाच्या झाडामागे घेऊन गेली.

"बाई," ती म्हणाली. थोरली म्हणून मला ती अजून बाईच म्हणते. "बाबूजीचं नाव नोको घेऊ."

"काऊन? तुह्या एकटीचे होते काय?"

"ते डुकरीन नव्हती."

मला कळलंच नाही.

"नर होता. सुळेवाला. याच्याएवढाच. हाक्याचे लोक मांगं होते, जाळ्यापाशी आमी दोघंच. बाबूजीनं भाला उचलला अन् हात तसाच राहिला. मी म्हटलं, मारा ना. तर खाली बसले, बाई. चिखलात. म्हने, तुही माय गेली तवापासून हात उठत नाही. डोळ्यापुढं तिचा शेवटचा दम येते. मले म्हने, दोरी काप. अन् कोनाले सांगजो नोको. म्हनजो गाभन होती." मग तिने स्वतःचे तळहात पुढे केले. "मी कापली दोरी. त्यायनं नाही. मी."

मी म्हटलं, "काकाले फाडनारा तोच होता काय?"

"कोनाले माहीत? तोच असन, नसन. मी रोज सकाळी काकाले बांधावरून लंगडत जाताना पायते. सोडनारा घरी जाते, बाई. मंग बांधीत कोन जाते?"

ती गेली. काकांकडून भाला घेतला, दोन माणसांना जाळं ताणायला सांगितलं आणि मानेच्या मागे एकाच घावात मारलं. तिचा हात उठला. मी बघत होते, मान वळवली नाही. डुकराचे पाय जरा वेळ हलले आणि थांबले. मग ती बांधावर बसली आणि दोन्ही तळहात चिखलाला पुसत राहिली. खायची परवानगी नसते आता, जंगल खात्याच्या माणसाने पंचनामा केला आणि नाल्याच्या काठाला खड्डा खणायला लावला. माती लोटेपर्यंत ती तिथेच उभी होती. काका काठीने डुकराचा सुळा दाखवून तिला म्हणाले, "तुह्या बापाच्या गाभन डुकरिनीले बी असेच सुळे होते." आणि हसले. ती दचकली. "तुमाले माहीत होतं?" तर म्हणाले, "जाळं कोनं गुंडाळलं होतं त्या दिवशी? चिखलातले खूर पायले ना मी. नराचा खूर मले समजत नाही काय?" एवढी वर्षं, तो पाय घेऊन, तुमच्यासोबत विडी ओढत बसायचे ते, आणि तुम्हाला कधी बोलले नाहीत. धाकटी तिथेच, खड्ड्याच्या काठावर, त्यांच्या खांद्याला डोकं लावून रडली. त्यांनी तिच्या पाठीवर थापटलं. मी हात बांधून उभी.

म्हणजे तुम्हाला माहीत, तिला माहीत, काकांना माहीत. मलाच तेवढं नाही.

ते डुक्कर मारलं ते बरोबर की चूक, दोन दिवस विचार करते आहे. तिच्या जागी असते तर मीही मारलं असतं, आणि तुमच्या जागी असते तर मीही दोरी कापायला सांगितलं असतं. त्याचं उत्तर मला इतकं छळत नाही. मला छळतं ते दुसरंच. मायची शेवटची रात्र तुमच्यासोबत मी काढली होती. तिच्या तोंडात पाणी मी घातलं. धाकटी झोपली होती. तो शेवटचा दम तुम्ही आणि मी, दोघांनीच ऐकला. वर्षभर तो तुमच्या डोळ्यांपुढे होता, आणि तो माझ्याही डोळ्यांपुढे होता, रोज, त्याच चुलीपाशी, आणि तुम्ही रानात जाऊन चिखलात बसून तो तिला सांगितला. मला "खायाचीच पडली आहे" म्हणाले. मी परक्या घरची होते का? की मला सांगितलं तर मीही बसकण मारेन, आणि मग भाकर कोण टाकणार, अशी भीती होती? तिला जे मिळालं ते जड आहे, हे मला दिसतं. ती ते इतकी वर्षं एकटीने वाहते आहे. मी त्यातलं अर्धं आनंदाने घेतलं असतं, बाबूजी. मला कुणी विचारलंच नाही.

काल रात्री आम्ही दोघी जेवलो. ती म्हणाली, "तुले राग आला." मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "त्यायनं तुले सांगितलं नाही, कारन तू मायसारखी दिसते. तुह्याकडं पाहवत नसे त्यायले." म्हणून तुम्ही खाली मान घालून जेवायचे? असेल. तिला ठाऊक असणार. पण हेही मला तिच्याचकडून कळावं?

फाटक वाजलं, ती आली असेल. हे पत्र मी घडी करून पिशवीत ठेवणार आहे, उद्या सौंदड स्टेशनहून गाडी धरली की सोबत आमगावला जाईल. तिला दाखवणार नाही. दाखवलं तर ती वाचेल आणि तुमच्यासाठी रडेल, आणि रडण्यातही ती माझ्यापेक्षा तुमच्या जवळची निघेल. ते मला अजून बघवणार नाही.