उजवीकडून पहिली

प्रिय खारुताई,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. गेली दहा वर्षं आपण फोनवरच बोलतो, तेव्हा माझं पत्र म्हणजे नक्कीच कुणीतरी आजारी, असं तुझ्या मनात येणार. कुणी आजारी नाही. पण जे सांगायचंय ते फोनवर जमलं नसतं. तू मधे बोलतेस आणि माझं राहून जातं, हे एका खोलीत राहत होतो तेव्हापासूनचं आहे. सोबत एक चपटं पार्सल आहे, ते पत्र वाचून झाल्यावरच उघड. तुझा धीर किती ते मला माहीत आहे, म्हणून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली आहे.

आधी तुझ्या आर्किटेक्टचं बघू. रविवारी तू वीस मिनिटं त्याचे गोडवे गायलीस. उंच आहे, म्हणजे माझ्याशेजारी उभा राहिला तर शोभेल, पुस्तकं वाचतो, घर स्वतः झाडतो, आणि भावजींच्या ऑफिसातले सगळे त्याला देवमाणूस म्हणतात. मी बघू म्हटलं. माझ्या बघूचा अर्थ तुला चांगला ठाऊक आहे, तरी तू माझा अलीकडचा फोटो मागितलास. खारुताई, मी दिवसभर दुसऱ्यांचे फोटो हाताळते, माझा एकही नाही. शेवटचा आहे तो आधारकार्डावरचा, गुन्हेगारासारखा दिसणारा.

तुम्ही तिघी मैत्रिणींनी माझ्यासाठी काय कमी खस्ता खाल्ल्यात? वकीलबाईंनी पाठवलेला तो पहिला गृहस्थ आठवतो ना, पहिल्याच भेटीला आपली सात प्रमाणपत्रं पिशवीत घालून आला होता. मला वाटलं, बायोडेटाच्या ऐवजी आणली असतील. जाताना फ्रेमची मापं देऊन गेला आणि पट्टी काळी हवी म्हणाला. दातवालीने शोधलेला दुसरा दोन तास आपल्या आधीच्या बायकोबद्दल बोलला, इतकं छान बोलला की मीच त्याला तिच्याकडे परत जा म्हणून सांगितलं. गेला, आणि आता म्हणे सुखात आहेत. तिसरे ते विज्ञानाचे सर, त्यांची मात्र मी चेष्टा करणार नाही. चार महिने आम्ही भेटत होतो. शांत, सरळ माणूस. त्यांना नाही म्हटलं तेव्हा तू माझ्याशी महिनाभर बोलली नव्हतीस. कारण तुला सांगितलं नव्हतं, आज सांगते. ते दुकानाच्या वरच्या माझ्या दोन खोल्यांत आले की मी ते कधी जाणार याची वाट बघायची. त्यांच्यात काहीच खोट नव्हती. मला माझी खिडकी, माझी खुर्ची आणि संध्याकाळचा माझा गप्प तास परत हवा असायचा, एवढंच.

ते भांडण झालं तेव्हा तू रागाच्या भरात एक वाक्य बोलून गेलीस. माझ्या लग्नात तू ग्रुप फोटोलासुद्धा थांबली नाहीस, तेव्हाच मला कळलं होतं की तुला बघवत नाहीये, असं म्हणालीस. मग तूच माफी मागितलीस, मीही राहू दे म्हटलं. पण ते वाक्य माझ्यापाशी राहिलं. पाच वर्षं झाली, अजून आहे.

परवा दुकान आवरताना आपल्या त्या खोलीचा विचार करत होते. दोन खाटा, एक कपाट, आणि तुझ्या शेंगदाण्यांनी भरलेला माझा हक्काचा ड्रॉवर. सात वर्षं राहिलो आपण तिथे. जी आधी उठेल तिने चहा करायचा आणि दुसरीचा कप खिडकीत बशी झाकून ठेवायचा, असा आपला नियम होता. तू लॅबला सहाला निघायचीस, म्हणून बहुतेक वेळा चहा तूच करायचीस. डोळे उघडले की ती झाकलेली बशी दिसायची. आपण चौघी एकदम नोकरीला लागलो, एकदम कंगाल होतो, आणि लग्नं मात्र पाठोपाठ झाली. वकीलबाईंच्या लग्नात मी नाचले, दातवालीच्या लग्नात मी वाढायला उभी राहिले. मग तुझा नंबर लागला. तुझं लग्न ठरल्याचं तू सांगितलंस, मी तुला मिठी मारली, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात तीन काचा फोडल्या.

मला हेवा वाटला, खारुताई. तू बरोबर ओळखलंस, फक्त माणूस चुकलीस. मला तुझा हेवा कधीच वाटला नाही. मला भावजींचा वाटला. झाकलेल्या बशीखालचा चहा आता त्यांना मिळणार, याचा. हे कुणाला सांगणार? वयाने अठ्ठावीस वर्षांची घोडी आणि रडणं पहिलीतल्या पोरीचं. लोक म्हणाले असते, हिला नवरा हवाय म्हणून ही झुरते. समजावत कोण बसणार, म्हणून मी झाकली मूठ सव्वा लाखाची करून बसले.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगते, कंटाळू नकोस. फोटो आणि काच यांच्या मधे जो जाड पुठ्ठा असतो, मधोमध खिडकी कापलेला, त्याला माउंट म्हणतात. तो कापणं हीच आमची खरी कला. खिडकी जरा लहान कापली की फोटोची कड पुठ्ठ्याखाली जाते. आमच्या मालकांचा एक नियम होता: फोटोतला केसभर भागसुद्धा गिऱ्हाईकाला विचारल्याशिवाय झाकायचा नाही, कारण कडेला कोण उभं आहे ते आपल्याला माहीत नसतं. दुकान माझ्या हवाली करतानाही त्यांनी हेच बजावलं. इतक्या वर्षांत मी तो नियम एकदाच मोडला. मालकांनी ती फ्रेम बघितली, उजव्या बाजूच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं आणि गिऱ्हाईकाला विचारलंस का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं.

तुझ्या लग्नाचा ग्रुप फोटो फोटोग्राफरने एकच काढला होता आणि त्याची मोठी प्रत थेट माझ्या दुकानात पाठवली, कारण फ्रेम ही माझी भेट होती. तुम्ही तर दुसऱ्याच आठवड्यात बदलीच्या गावी गेलात, अल्बम तू कधी केलाच नाहीस. मी पाकीट उघडलं. सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. उजवीकडच्या टोकाला मी होते, एकटी, अर्धा हात सोडून उभी, आणि मी कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. तुझ्याकडे बघत होते. तो चेहरा बघून मलाच लाज वाटली. गाडी सुटल्यावर फलाटावर राहिलेल्या माणसाचा असतो तसा. हे तोंड तुझ्या भिंतीवर जन्मभर टांगायचं कसं? मी खिडकी चार बोटं लहान कापली. डावीकडे एक कुंडी होती, बिचारी तीही गेली, नाहीतर फोटो एका बाजूला कललेला दिसला असता. तुला फ्रेम मिळाली, तू फोन करून मापाचं कौतुक केलंस, आणि विचारलंस की फोटोच्या आधीच निघालीस का. मी म्हटलं, हो गं, डोकं दुखत होतं.

म्हणजे मी थांबले होते. शेवटपर्यंत थांबले होते, खुर्च्या आवरेपर्यंत. तुझ्या चपला हरवल्या होत्या त्या मीच शोधून गाडीत ठेवल्या. आणि दहा वर्षं मी तुला हेच समजू दिलं की तुझं सुख मला बघवलं नाही, कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, तुझ्या घरी येऊन मी कधी त्या भिंतीसमोरच्या खुर्चीत बसले नाही, हे तुझ्या लक्षात आलं नसेल.

आज पत्र का, तर रविवारी तू आर्किटेक्टच्या आधी जाता जाता सांगितलंस की लेकीच्या चेंडूने त्या फ्रेमची काच तडकली आणि तू ती शनिवारी खालच्या दुकानात देणार आहेस. तो माणूस फ्रेम उघडणार आणि मी त्याला सापडणार. तेवढ्याने कदाचित मी पत्र लिहिलं नसतं, काहीतरी थाप मारून फ्रेम मागवून घेतली असती. पण मग लेक फोनवर आली. काचेबद्दल सॉरी म्हणाली आणि म्हणाली, मी फोटोतली माणसं मोजली, पंधरा आहेत, मावशी तू का नाहीस, तुला बोलावलं नव्हतं का? आणि मागून तुझा आवाज आला, की मावशीचं त्या दिवशी खूप डोकं दुखत होतं, बिचारी तरी आली होती. ज्या थापेवर तुझा दहा वर्षं विश्वास नव्हता, ती तू माझ्यासाठी पोरीला खरी म्हणून सांगितलीस. फोन ठेवला आणि मी हे पत्र लिहायला घेतलं. तर आर्किटेक्टला नाही सांग, मी बरी आहे, मंगळवारी पोहायला शिकायला जाते आणि बुडत नाही. फ्रेम दुकानात देऊ नकोस. ती पालथी घाल, मागचा तपकिरी कागद फाड, बारीक खिळे चिमट्याने काढ आणि माउंट उचल. मला आधी तू बघ. पार्सलमध्ये नवीन माउंट आहे, पूर्ण मापाचा, फोटो न बघता कापला आहे, ती मापं मला पाठ आहेत. काच तिथली कुठलीही चालेल. आणि लेकीला परत मोजायला सांग.

तुझीच,
उजवीकडून पहिली,
फूटपट्टी