शोकप्रस्तावात मंजूर झालेला रस्ता

तीर्थरूप हौसरावमामांच्या चरणी भाचा सत्यजीत याचा साष्टांग नमस्कार.

तुमची प्रकृती ठणठणीत आहे, हे मला कळलं आहे. एरवी पत्रात हे वाक्य रीत म्हणून लिहितात, मी मात्र फार मनापासून आणि तितक्याच शरमेनं लिहितो आहे. मामींचा गुडघा कसा आहे? सकाळपासून तुम्हाला फोन लावतोय. शेवटी तो मामींनी उचलला आणि एवढंच म्हणाल्या, "मेलेलं माणूस फोन उचलत न्हाई, नगरसेवक." मामींनी मला आजवर कधी नगरसेवक म्हटलं नव्हतं. (बाळ्याच म्हणतात, भर चौकात म्हणतात, आणि मला ते आवडत नसे. आज आवडलं असतं.) तेव्हा हे पत्र दूधवाल्या नवनाथबरोबर पाठवतो आहे. फाडण्याआधी एकदा वाचा.

मामा, झालं ते असं. आमच्या सभेची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. आधी शोकप्रस्ताव, मग अभिनंदनाचे ठराव आणि मग भांडणं. (विषयपत्रिकेत त्यांना 'विकासकामे' म्हणतात.) काल शोकप्रस्ताव चालू असताना मी सवयीनं मोबाइल बघत होतो. प्रभागाच्या ग्रुपवर तुमचा फोटो आला होता. गळ्यात झेंडूचा भरगच्च हार आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग. ज्येष्ठ नागरिक संघानं तुमचा सत्कार केला, हार त्याचा होता आणि तसं फोटोच्या वर लिहिलंही होतं. ते कुणी वाचलंच नाही. पहिल्यानं हार बघून श्रद्धांजली वाहिली, बाकीच्यांनी त्याचं बघून वाहिली. ग्रुपवर आपण सगळे असेच शोक करतो. पण ते बाकीचे होते, मी सख्खा भाचा. बाहेर जाऊन एक फोन करायला हवा होता. मला शंकासुद्धा आली नाही, कारण तुम्हाला भेटून इतके दिवस झाले होते की तुम्ही आजारी होतात की धडधाकट, हेच मला माहीत नव्हतं. ही गोष्ट कालपासून मला खाते आहे.

मी उभा राहिलो आणि रडलो. रडणं खोटं नव्हतं. तुम्ही मला पोहायला शिकवायचं म्हणून विहिरीत ढकललंत ते सांगितलं, सायकलच्या दांडीवर बसवून घोड नदीवर न्यायचात ते सांगितलं आणि बोलता बोलता तोंडून निघून गेलं की मामा गेले, पण मळ्याचा रस्ता काही बघून गेले नाहीत. तुम्हाला माहीत आहे, अनुपमाताई विरोधी पक्षाच्या, आणि त्यांच्या प्रभागातली गटार आधी व्हावी म्हणून त्या दर सभेत मळ्याच्या रस्त्याला आडव्या येतात. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "करा आबांचा रस्ता. नाव बी त्यांचंच द्या." (मी सोडून सगळं गाव तुम्हाला आबाच म्हणतं.) ठराव एकमतानं मंजूर. इतकी वर्षं मी अर्ज केले, हातापाया पडलो, एकदा तर सभात्यागही केला (बाहेर जाऊन वडापाव खाल्ला आणि परत आलो) आणि जे जमलं नाही ते तुमच्या जाण्यानं दोन मिनिटांत झालं. लगेच पुढचा विषय, आपल्या गावची सायली फौजदार झाली म्हणून अभिनंदन. पेढे फिरले. मीही एक खाल्ला, मामा. तो अजून घशाखाली उतरलेला नाही.

सभेतून निघालो आणि तुमच्यासाठी हार घ्यायला थांबलो, तर तिथं नवनाथ भेटला. म्हणाला, आत्ताच मामांकडं दूध घालून आलोय, भांडं त्येंनीच पुढं केलं. मला आधी आनंद झाला, हे शपथेवर सांगतो. मग रस्ता आठवला.

पुढच्या सभेत कालचं इतिवृत्त कायम होईल, तोवर ठराव मागे घेता येतो. जिवंत माणसाचं नाव रस्त्याला चालत नाही. नाव गेलं की अनुपमाताईंचे अश्रू गेले, आणि अश्रू गेले की रस्ताही गेला. इनामगावला मातीखालून जुनं गाव निघालं, तसं मळ्याच्या वाटेवर खणलं तर कधीकाळचं डांबर निघेल म्हणतात, मला खात्री नाही. रिक्षावाला मामींना फाट्यावरच उतरवतो आणि तिथून त्या गुडघा धरत घरी येतात, हे मला माहीत आहे. नगरसेवक असून माहीत आहे, हेच वाईट. माझं चुकलं. क्षमा करा.

तुमचा,
बाळ्या

ता. क. : खरं म्हणजे एक विनंती होती. पुढच्या सभेपर्यंत यवतला वच्छलामावशीकडे जाऊन राहाल का? मळ्यातलं कुणी तोंड उघडणार नाही, रस्ता त्यांनाही हवाय. फक्त बाजाराच्या दिवशी चौकात येऊन बसू नका. गाडी पाठवतो. (फाट्यापर्यंत. पुढे ती का येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.)

ता. क. २ : पाकीट बंद करणार तोच अनुपमाताईंचा फोन आला. त्या सांत्वनाला मळ्यात गेल्या होत्या. स्कूटी चिखलात रुतली, म्हणून चपला हातात घेऊन चालत पोचल्या, तर पाय धुवायला पाणी तुम्हीच आणून दिलंत. मी माफी मागायला लागलो तर म्हणाल्या, "नाव तेवढं काढा. रस्ता ऱ्हाऊ द्या, मी आज चाललेय त्यावरनं." मला इतकं हलकं वाटलं की त्यांची गटारही मी मंजूर करून टाकली. पण त्या फोन ठेवेनात. मग म्हणाल्या, "सकाळपासनं निम्मं गाव येऊन गेलं म्हणं. कुणाची चाहूल लागली की आबा उठून बघत व्हते. मी इचारलं, कुणाची वाट बघताय? तर म्हनले, भाचा यायचाय अजून."

ता. क. ३ : नवनाथला परत पाठवलं. हे पत्र घेऊन मीच निघालो आहे, गाडी फाट्यावर ठेवून चालत येतो. यवतला जाऊ नका. ओट्यावरच बसा.