एका हाताचा संबळ

३ फेब्रु., मंगळ.
लॅपटॉपवर संबळ वाजवायचं सॉफ्टवेअर तिसऱ्यांदा काढलं, तिसऱ्यांदा घातलं. जळ्ळं मेलं. एक असतं तर समजले असते, हे तीन. आवाज काढणारं वेगळं, आपण लिहिलेलं समजणारं वेगळं, अन् ज्याच्यात लिहायचं ते आणिक वेगळं. चूल एकीच्या घरी, तवा दुसरीच्या, काथवट तिसरीकडं, अन् म्हणे भाकऱ्या थापा. मोबाइलचं नेट जोडून दोन तास उतरवून घेत बसले. संपत आलं अन् लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली. सगळं पहिल्यापासनं.
ह्यांनी विचारलं, "वाजलं का?" न्हाय म्हटलं. भिंतीकडं तोंड करून पडले. विचारलं तरी! दिवाळीपासून एवढंही नव्हतं.

४ फेब्रु., बुध.
नागनाथ आला होता. ह्यांचा तुणतुण्याचा जोडीदार, सव्वीस वर्षं एकत्र गोंधळ घालतायत. २० तारखेला, शुक्रवारी, सोनारीला मास्तरांच्या घरी लग्नाचा गोंधळ आहे. सासऱ्यांपासून त्या घरचा गोंधळ आमच्याकडं. दारातनंच, ह्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं: "वैनी, दुसरा संबळवाला बघू का? तसं सांगा, मला अडकवून ठेवू नका."
"थांबा भावजी. लकवा हाताला झालाय, कानाला न्हाय."
टाइप करून ताल वाजतो, चालता चालता बदलतासुद्धा येतो, असं सांगितलं. हसला. "जन्मभर लग्नपत्रिका टाइप केल्या, आता संबळ टाइप करणार व्हय?"
करणार. टायपिंग मला कुणी शिकवलं नव्हतं. पत्रिकेचं दुकान थाटलं तेव्हा माउस कुठल्या बाजूनं धरायचा तेही माहीत नव्हतं.
पण हे घर दुसऱ्याकडं गेलं की हे खाटेवरनं उठायचे नाहीत. लकवा झाल्यापासून सहा महिने उंबऱ्याबाहेर पाय नाही.

६ फेब्रु., शुक्र.
आवाज आला. साधा 'टुंई'. चार दिवस पडद्यावर चूक दाखवणाऱ्या लाल ओळी बघून डोळे गेले, अन् कारण काय, तर सेटिंगमध्ये माइकचा आकडा वेगळा अन् स्पीकरचा वेगळा. दोघांचा सारखा केला, झालं. हे कुठंच धड लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्यांना वाटतं, सगळं जग त्यांच्या शेजारीच राहतं.

७ फेब्रु., शनि.
ह्यांना उठवलं. गव्हाच्या खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या, बाहेरचा आवाज नको म्हणून. संबळाला हळदकुंकू वाहिल्याशिवाय काठी धरीनात. मग डाव्या हातानं थोरल्या भांड्यावर एक, थांबून धाकट्यावर एक. असे बेचाळीस ठोके मोबाइलवर घेतले. दमले. घाम आला. पण खोलीबाहेर येऊन चहा मागून घेतला.
ठोके एकेक करून कापले. पडद्यावर आवाजाची रेघ जिथं उठते तिथनं कापायचं.

९ फेब्रु., सोम.
पहिला ताल लिहिला. थोरलं, धाकटं धाकटं, गप्प, थोरलं. गप्पला नागमोडी खूण. दोन्ही भांडी एकदम वाजली! मला रडूच...
हे म्हणाले, "मागं पडतंय."
खरंच पडत होतं. लंगड्या बैलावाणी. हे मांडीवर चापटी मारायचे, ठोका मागनं यायचा. कधी जास्त मागनं, कधी कमी. बिनवायरचा स्पीकर लावलाय, त्याचाच दोष असणार.

११ फेब्रु., बुध.
वायरचा स्पीकर आणला. तसंच. सेटिंगमधले सगळे आकडे खालीवर केले. तसंच. नेटवर विचारलं, तर कुणा शहाण्यानं कळवलं की तुमचा लॅपटॉप जुना आहे. मीही जुनीच आहे बाबा. उबग आलाय.

१२ फेब्रु., गुरु.
सकाळच्या एसटीनं धाराशिव. दुरुस्तीवाल्यानं पडदा बघून विचारलं, "आजी, हे काय लावलंय? पत्ते लावून देऊ का त्यापेक्षा?" संबळ म्हटल्यावर शेजारच्याला डोळा मारला. मला दिसलं. मग, "फॉरमॅट मारतो, सगळं पळंल. आतलं काही ठेवायचंय?" ठोके मोबाइलमध्ये आहेतच, म्हटलं मारा.
परत येऊन आमच्या वाशीच्या स्टँडवर उतरले तेव्हा आठवलं. वीस वर्षांचे पत्रिकांचे नमुने त्यातच होते. गेले. त्यानं विचारलं होतं. मीच न्हाय म्हटलं.

१४ फेब्रु., शनि.
चौथ्यांदा घातलं. ठोका मागंच. शिसारी आली. झाकण असं आपटलं की शेजारीण डोकावून गेली. ह्यांना म्हटलं, "नागनाथ भावजींना सांगते, बघा म्हणून दुसरा." ह्यांनी पांघरूण ओढून घेतलं. असं बोलायला नको होतं.

१५ फेब्रु., रवि. महाशिवरात्र
उपास दोघांना. दुपारी हे आपणहून उठून बसले. "ते एकलं वाजीव. थोरलं भांडं. एकच ठोका."
वाजवला.
"परत."
परत.
"कानात घालायचं हाय का तुझ्याकडं?" हेडफोन दिला. चार-पाचदा ऐकलं. मग म्हणाले, "ठोक्याच्या आधी मी हाय त्यात."
मी ऐकलं. अगदी बारीक, श्वासातल्या श्वासात: "उदो." मग ठोका.
सगळे बेचाळीस लावून बघितले. बेचाळीस उदो. कुठं लांब, कुठं आखूड.
"अहो, तुम्ही म्हणत होता?"
"अगं, आईचं नाव घेतल्याबिगर काठी पडती व्हय? बानं पहिल्या दिवशीच बजावलं होतं."
चाळीस वर्षं संसार केला, हे मला माहीत नाही. भर गोंधळात ते ऐकू कसं यावं? अन् मी रेघ उठते तिथनं कापत बसले. उठत होती ती उदोची रेघ. ते बिचारं सॉफ्टवेअर वेळेवरच वाजत होतं. चार वेळा घातलं, काढलं, शिव्या दिल्या, नमुने घालवले, अन् दोष माझ्या कात्रीचा. स्वतःचीच किळस आली आज.

१६ फेब्रु., सोम.
सगळे उदो कापून टाकले. ताल सुतासारखा सरळ. मी खूष. हे दोन मिनिटं ऐकत राहिले, मग: "बंद कर."
"आता काय?"
"पत्र्यावर गारा पडल्यावाणी वाटतंय. ह्यो संबळ न्हाय."
माझं डोकंच फिरलं. "मग घ्या तुमचा उदो अन् वाजू द्या लंगडं!"
"लंगडं तरी आपलं हाय."
ताट वाढून ठेवलं. दोघंही फुगून.

१८ फेब्रु., बुध.
दोन दिवस त्या सॉफ्टवेअरच्या माहितीच्या ढिगाऱ्यात घातले. एका कोपऱ्यात सापडलं: आवाज जरा आधी सोडायची सोय आहे. मग प्रत्येक उदो किती लांब ते मोजलं. बेचाळीस मापं. ज्याचं जेवढं माप, तेवढा तो आधी सोडायचा. अशी चिकट कामं देवानं माझ्याच वाट्याला ठेवलीत.
वाजवलं. आधी उदो, अन् ठोका बरोबर जाग्यावर. ह्यांनी मान हलवली. डाव्या हातानं खूण, वेग वाढीव. ताल चालू ठेवून आकडा वाढवला. परत खूण. वाढवला. उदोवर उदो चढायला लागले, अंगण भरून माणसं बसल्यासारखे. हे मांडी घालून ताठ बसले होते. असं ताठ ह्यांना मी चाळीस वर्षांपूर्वी बघितलं होतं...
अन् फटदिशी बंद. लाल ओळी. ऐन चढावर! जिथं काठी थांबली की गोंधळ मोडतो, तिथंच. तीनदा करून बघितलं. दोनदा चाललं, एकदा बंद पडलं. ह्याच्यावर काय भरवसा ठेवायचा?

१९ फेब्रु., गुरु.
नागनाथ ऐकून गेला. बरं म्हणाला नाही, वाईटही नाही. तुणतुणं काढून दोन घटका त्याच्यासंगं वाजवलं मात्र.
"दादा, मास्तरांच्या अंगणात हे बंद पडलं तर? चार गावचे पाव्हणे असत्यात."
हे म्हणाले, "पडंल की."
"मग?"
"मग डावा हाय." काठी उचलून दाखवली. "येईल तेवढं वाजवीन. दुसरा बघू नगंस."
नागनाथ माझ्याकडं बघायला लागला. मी पडद्याकडं बघत होते.

२० फेब्रु., शुक्र.
सकाळपासनं घाई. संबळ धुतल्या धोतरात बांधला. बोर्डाची लांब वायर, दोन स्पीकर, आणिक एक वायर. मास्तरांना फोन केला, संध्याकाळी लाइट असते का? "असते बहुतेक, वहिनी." बहुतेक!
ह्यांनी दाढी करून घेतली. कवड्यांची माळ एका हातानं गळ्यात जाईना, मला हाक मारली. घातली. मग कुणाचा हात न धरता उंबरा ओलांडून ओट्यावर जाऊन बसले. येणारे-जाणारे थांबून बोलतायत.
नागनाथची गाडी दारात लागली. निघताना एकदा बघावं म्हणून वायर लावून लॅपटॉप उघडला. एक लाल ओळ. काल रात्री नव्हती. काहीही बदललेलं नाही मी. काय म्हणावं ह्या...
"अगं, येतीस का न्हाय?"
मिटवला. पिशवीत घातला. संबळाच्या दोन काठ्यांतली ह्यांनी एकच घेतलीय का दोन्ही, ते विचारायचं राहिलं.